कुंडल रोडचा माळ

पुण्याहून मिरजेकडे निघालेली आगगाडी कऱ्हाड ओलांडून, ताकारी मागे टाकून, भिलवडी अजून यावयाची असते तेव्हा ज्या लहानशा स्थानकावर थांबते, त्याच्या पाटीवर आज ‘किर्लोस्करवाडी’ असे नाव आहे. परंतु १९१० साली या स्थानकास कुंडल रोड म्हणत, आणि येथे उतरणाऱ्या उतारूस निवडुंगाने माजलेला माळ, त्यात नांदणारी सापकिरडे आणि दूर सागरेश्वराचे डोंगर यांपलीकडे फारसे काही दृष्टीस पडत नसे. कुंडल हे औंध संस्थानातले गाव. संस्थान जेमतेम ७२ गावांचे, आणि तीही सलग नव्हेत. ब्रिटिश मुलखात व शेजारच्या संस्थानांत गोधडीवरच्या ठिगळांसारखी विखुरलेली. अशा संस्थानातल्या अशा माळावर कोणी शहाण्या माणसाने भांडवल ओतावे, असे तेथे काहीच नव्हते.

पुण्याच्या स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात हल्ली ध्येय कसे ठरवावे, मन कसे घडवावे, सवयी कशा जडवाव्यात, धंद्यात यश कसे संपादन करावे, हे सांगणाऱ्या ग्रंथांची रास लागलेली असते. त्यांतले तीन-चार मीही पदरमोड करून घेतले, आणि खोटे कशाला सांगा, एकही शेवटास नेला नाही. या ग्रंथांची मांडणी सहसा एकाच वळणाची: आधी मनात ध्येय उमटते, ध्येयातून वृत्ती बनते, वृत्तीतून सवय, आणि सवयीतून सिद्धी. कुंडल रोडच्या माळाचा इतिहास मी जो जो वाचीत गेलो, तो तो मला हा क्रम उलटा वाटू लागला.

आपल्याकडे उद्यमाचा उपदेश काही कमी झालेला नाही. समर्थ रामदासांनी प्रयत्नाची महती सतराव्या शतकातच मुक्तकंठाने सांगून ठेवली. गोपाळ हरि देशमुखांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी शंभरावर पत्रे लिहिली, त्यांतून आळसावर, परावलंबनावर आणि भिक्षुकी वृत्तीवर असे आसूड ओढले की आजही वाचताना पाठ चोरावीशी वाटते. १८९० साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली, आणि देशी धंदे का बुडाले व ते कसे उभारता येतील याची आकड्यांनिशी चर्चा झाली. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण तर पोराटोरांच्या तोंडी होती. मात्र ती म्हणणाऱ्यांची मुले मॅट्रिक होताच मामलेदार कचेरीत उमेदवारी करू लागत, आणि पंधरा रुपयांच्या कारकुनीचा हुकूम हाती पडला की घरात पेढे वाटले जात. उपदेशाचा पाऊस पन्नास वर्षे पडला आणि जमीन कोरडी राहिली, याचे कारण ऐकणाऱ्यांच्या नालायकीत आहे असे मला वाटत नाही. रोज सकाळी उठून उद्यमशील माणसाने नेमके काय करावयाचे असते, हे कोणी पाहिलेलेच नव्हते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावच्या कुळातला. याच गुर्लहोसूरने मराठी रंगभूमीला अण्णासाहेब किर्लोस्कर दिले. एका किर्लोस्करांनी मराठी माणसाला नाटकगृहात बसविले, दुसऱ्यांनी त्याला शेतात उभे केले, असे थट्टेने म्हणावयास हरकत नाही. लक्ष्मणरावांचे ध्येय म्हणाल तर ते कारखानदार होण्याचे मुळीच नव्हते. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. त्यासाठी १८८५ साली ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, आणि तेथे उघडकीस आले की काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळतच नाही. ज्याच्या दृष्टीला रंगांची ओळख पटत नाही त्याने चित्रकार होण्याची उमेद धरणे म्हणजे पांगळ्याने पर्वत चढावयास निघणे. ते ध्येय तेथेच संपले.

ध्येय संपले तरी हाताला लागलेली रेघ काही संपली नव्हती. रंगांवाचून जे काढता येते ते यांत्रिक आरेखन त्यांनी शिकून घेतले, व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकविण्याची नोकरी धरली, आणि शिकविता शिकविता तेथल्या कारखान्यात यंत्रे उकलून पुन्हा जोडण्याचा नाद लावून घेतला. त्याच काळात सायकल हे नवलाचे वाहन मुंबईत आले होते. लक्ष्मणराव ती मुंबईहून पाठवीत आणि बेळगावास वडील बंधू रामुअण्णा ती विकीत. नुसती विकीत नसत, तर गिऱ्हाइकाला वर बसवून, मागून धरून, चालवावयास शिकवीतही असत. १८८८ सालच्या या दुकानापासून ‘किर्लोस्कर बंधू’ ही पाटी लागली. पुढे मुंबईच्या नोकरीत बढतीची पाळी आली असता ती यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास दिली गेली, तेव्हा यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. 

सायकलीच्या दुकानातून कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि त्यामागून लोखंडी नांगर. या नांगराची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण माझ्या मते सगळे मर्म तीत आहे.

दख्खनच्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी यांची मुळे हातहात खोल जातात. बाभळीच्या लाकडाचा जुना नांगर जमीन फाडीत जाई, पण परतवीत नसे. त्याचा फाळ म्हणजे लाकडी तोंडावर बसविलेली लोखंडी पट्टी, आणि तो ओढावयास चार-चार, सहा-सहा बैलजोड्या लागत. ज्याच्या घरी एकच जोडी त्याने पैरा करावा, शेजाऱ्याच्या बैलांची वाट पाहावी, आणि तोवर मृग निघून जावा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. विलायती लोखंडी नांगराला फाळामागे वळणदार पंख असतो. फाळाने कापलेली ढेप तो पंख उचलून कुशीवर पालथी घालतो, तणाची मुळे वर येऊन उन्हात करपतात, आणि बैलही कमी लागतात. लक्ष्मणरावांनी असा विलायती नांगर डोळ्यांपुढे ठेवून १९०३ च्या सुमारास आपला नांगर तयार केला. तयार झाला, पण खपेना. लोखंड लागले म्हणजे जमिनीला विष बाधते, पीक उतरत नाही, ही समजूत पक्की होती. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे गेली.

ही दोन वर्षे कशी काढली असतील, याची कल्पना करून पाहावी. दुकानाच्या पडवीत काळे, जड, न खपणारे लोखंड पडलेले. येणारा शेतकरी त्याला हात लावून पाहतो, काठीने टोचतो, मान हलवतो, आणि पुढच्या बाजाराला पाहू म्हणून निघून जातो. बरे, विकले गेले म्हणून गंगेत घोडे न्हाले असेही नाही. पहिल्या नांगरांचे फाळ मऊ निघाले. कठीण जमिनीत त्यांची टोके झिजून बोथट होत, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येई. ओतीव लोखंड कठीण करावयाचे तर वितळलेला रस जेथे थंड व्हावयाचा तेथे वाळूच्या साच्याऐवजी लोखंडी साचा लावावा लागतो, म्हणजे रस एकदम गोठून त्या ठिकाणी काचेसारखा टणक होतो. फार टणक झाला तर दगडावर आपटताच टवका उडतो, कमी पडला तर पुन्हा झिजतो. हे प्रमाण सांगणारे पुस्तक आणि शिकवणारा गुरू बेळगावात कोठून असणार? ओतावे, जमिनीत घालून पाहावे, मोडले की तुकडे भट्टीत टाकून पुन्हा ओतावे, हाच अभ्यासक्रम. आलेली तक्रार भांडण न मानता माहिती मानावयाची, ही जी सवय पुढे या घराण्याच्या कारखान्यांचे भूषण ठरली, तिचा उगम मला या बोथट फाळांत दिसतो. ती कोणी योजून आणली नव्हती. परत आलेले प्रत्येक गिऱ्हाईक तिचा एकेक पाठ गिरवून घेत होते.

एवढे होऊन धंदा पायावर उभा राहतो न राहतो तोच बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली, आणि किर्लोस्कर बंधूंना कारखाना हलविणे भाग पडले. लक्ष्मणरावांनी त्या आणीबाणीत औंधास यमाईच्या देवळाच्या मंडपाचे काम पत्करले. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा जुना स्नेह. बाळासाहेब स्वतः चित्रकार, आणि लक्ष्मणराव हे रंगांनी नाकारलेले चित्रकार. या स्नेहात तो धागा असावा असे मला नेहमी वाटते. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकालगतची ३२ एकर जमीन देऊ केली, काही रक्कमही कर्जाऊ दिली, आणि १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगात कारखान्याचा आणि वसाहतीचा प्रारंभ झाला. जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडावयास अजून दोन वर्षे होती. हिंदुस्थानात उद्योगधंद्यासाठी मुद्दाम वसविलेल्या पहिल्या गावांत या वाडीची गणना होते.

औंधच्या या राजाविषयी दोन शब्द अवांतर लिहिले तरी वाचक रागावणार नाहीत. सूर्यनमस्कारांचा सार्वत्रिक प्रसार करणारा पुरुष म्हणून ते आज ओळखले जातात. पहाटे उठून ते स्वतः नमस्कार घालीत आणि राज्यातल्या शाळांतून मुलांकडून घालवून घेत. कोणी याची चेष्टा करी, कोणी यास लहर म्हणे. लहर असेलही; परंतु रोजच्या आचाराने माणूस घडतो ही त्यांची निष्ठा होती. एका अपयशी माणसाला माळ देण्याचे धाडस आणि ही नमस्कारांची लहर एकाच मातीतून उगवली, असे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

वाडीवर लक्ष्मणरावांनी जी माणसे जमविली ती पाहिली म्हणजे कोणत्याही नोकरभरती खात्याच्या अधिकाऱ्यास घाम फुटावा. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फळणीकर: यांपैकी कोणाजवळ नाव घेण्यासारखी पदवी नव्हती. कोणी शिक्षण अर्धवट सोडलेले, कोणी आधी हात घातलेल्या प्रत्येक उद्योगात अपेश पदरी घेतलेले. जांभेकर यंत्रांचे धनी झाले, रेगे हिशेबाचे, कुलकर्णी व्यवस्थेचे, फळणीकर नव्या रचनांचे, आणि रामुअण्णांनी रस्ते, घरे, पाणी यांकडे पाहिले. रात्रीच्या पहाऱ्यावर तर तुरुंगवास भोगून आलेले दरोडेखोर नेमले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार, आणि त्या पहारेकऱ्यांनी विश्वासाला जागून दाखविले. पुढे १९३९ मध्ये याच औंध संस्थानात आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत स्थापन झाली आणि तिच्यावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, हे सर्वांना माहीत असते. वाडीच्या रात्रीच्या गस्तीची गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे, एवढीच येथे नोंद.

शिवाशिव वाडीवर चालावयाची नाही, हा दंडक. १९१० च्या सुमारास दक्षिण महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात हा दंडक पाळावयाचा म्हणजे काय, ते त्या काळची गावे पाहिलेल्या कोणाही वृद्धास विचारावे. एका मोटेवरून आणि एका ओळीत पाणी भरण्याची सवय आधी लागली, मने मागाहून बदलली. सगळ्यांचीच बदलली असतील असा माझा दावा नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. विलायती नांगर येईनासे झाले, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली; आणि त्याच युद्धापायी लोखंड, कोळसा व रंग मिळेनासे झाले, म्हणून मागणी असून माल निघेना. दगडी कोळशाच्या जागी लाकडी कोळसा आला, आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींकडून जुन्या निरुपयोगी तोफा मिळवून त्या भट्टीत घातल्या गेल्या. कधी काळी कोणत्या गडाच्या बुरुजावरून धडाडलेल्या तोफेचा नांगर होऊन तो पुढे कोणा शेतकऱ्याच्या मळ्यात फिरला, याचा शोध आता लागणे नाही. १९२० मध्ये मंडळीचे रूपांतर ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या कंपनीत झाले. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, मग पंप हा पुढला क्रम. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेऊन परतले, तेही याच माळावर.

सोलापूरचे डॉक्टर वासुदेवराव हे लक्ष्मणरावांचे बंधू. त्यांचे पुत्र शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. लाहोरास पंडित सातवळेकरांच्या चित्रशाळेत शिकून आलेला हा तरुण कारखान्याच्या जाहिराती रंगवावयास वाडीवर आला, आणि १९२० साली त्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे चिमुकले पत्रक सुरू केले. हेतू उघड व्यापारी होता: नांगराची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावी. परंतु निव्वळ नांगराची माहिती दरमहा किती द्यावयाची? हळूहळू तीत स्वतःच्या बळावर वर आलेल्या माणसांच्या हकीकती आल्या, धंदा कसा मांडावा, हिशेब कसा ठेवावा, वेळ कसा वापरावा यांवरील लेख आले, रूढींवर प्रहार आले. १९२९ पासून ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. आणि आगगाडी दमभर थांबणाऱ्या त्या आडस्थानकावरून निघणारी टपाल-बासने महाराष्ट्रभर वाट पाहून उघडली जाऊ लागली. कित्येक मध्यमवर्गीय घरांतून धंदा या शब्दाला प्रतिष्ठा आली ती या मासिकांमुळे. लोकहितवादींचा उपदेश आणि शंकररावांचा उपदेश यांत मजकुराचे अंतर फार नाही. शंकररावांच्या पाठीशी मात्र एक चालती भट्टी होती, आणि ज्याला शंका असेल त्याने तिकीट काढून वाडीवर उतरावे व पाहून जावे, असे सांगण्याची त्यांना सोय होती.

असे धाडस करणारी ही वाडी एकटी नव्हती: लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काचकारखाना १९०८ चा, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ चा; ओगले बंधूंचे ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेले. त्यांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा आहे, येथे नामनिर्देशावर थांबतो.

वाडीचे वर्णन निव्वळ स्तुतिपाठ होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की जेथे घर, दिवा, पाणी, शाळा आणि पगार एकाच मालकाच्या हातचे असतात तेथे माणसाला मायेची ऊब जितकी मिळते तितकीच त्याच्या तोंडावर अदृश्य हातही असतो. लक्ष्मणराव कडक शिस्तीचे होते. स्वच्छतेविषयी, बागांविषयी, वेळेविषयी त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे, आणि अशा आग्रहाखाली राहणाऱ्या प्रत्येकाला तो गोड लागला असेल असे नाही. चांगल्या सवयी जडविणारी वसाहत आणि माणसाला सतत न्याहाळणारी वसाहत यांमधील सीमारेषा कोणती, हे मला अजून नीट उमगलेले नाही.

१९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तीत वाडीचा कारखानाही सापडला. जळालेल्या शेडी पुन्हा उभारल्या गेल्या आणि काम सुरू झाले. त्या वेळी लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले; जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. शंतनुरावांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला ‘कॅक्टस अँड रोझेस’ असे नाव दिले, त्यातला निवडुंग कोठला ते आता सांगावयास नको.

माझ्या आजोळी, वाळव्याच्या बाजूला, गोठ्यामागे एक लोखंडी नांगर कित्येक वर्षे पडून होता. पंखाचा रंग केव्हाच उडालेला, दांडी वाकलेली, ओतीव अक्षरांतले ‘किर्लो’ एवढेच बोटाला लागे. ट्रॅक्टर आल्यावर त्याला कोणी विचारीना. कोंबड्या त्याच्या आडोशाला अंडी घालीत. गेल्या दिवाळीत मामांनी तो भंगारवाल्यास वजनावर दिला. फाळ तेवढा आधी खोलून घेतला. तो घराच्या दारामागे उभा आहे, आणि त्याचे टोक अजून बोथट झालेले नाही.